झोंबी, वेताळ आणि बंद गेट

माझी भाची गेली दोन वर्षे एक कादंबरी लिहिते आहे. कथा आमच्याच नेरूळमध्ये घडते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यातून साथ सुटते, मेलेली माणसे उठून चालू लागतात, वाशी आणि ऐरोलीचे पूल बंद होतात आणि नवी मुंबई खाडी व पारसिकच्या डोंगराच्या मध्ये अडकून पडते. नायक अठ्ठावीस वर्षांचा आहे. तो क्रिकेटच्या बॅटने झोंब्यांची डोकी फोडतो, म्हाताऱ्यांना वाचवतो, पोरांना खाऊ देतो, आणि बहुधा झोपत नाही. मी निवृत्त इतिहास-शिक्षक असल्याने तिला माझ्याकडून फक्त जुन्या खाडीची आणि मिठागरांची माहिती हवी होती. ती दिली आणि सहज विचारले, "याने आतापर्यंत कोणाला बाहेर ठेवले आहे?"

"अरे मामा, तो हीरो आहे!" ती म्हणाली.

तिला तेव्हा देता न आलेले उत्तर शोधताना हा लेख झाला.

आधी शब्दाचे पाहू. मराठीला झोंबी नवी नाही. झोंबी घेणे म्हणजे अंगाला अंग भिडवून झगडणे. आनंद यादवांच्या १९८७च्या 'झोंबी'त कोणी मेलेला उठत नाही, शिक्षणासाठी एक पोरगा परिस्थितीशी आणि घराशी झगडतो. दुसरा झोंबी हैतीचा. तिथल्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आयुष्ये घालवली होती. त्या लोकांच्या कल्पनेतला झोंबी कोणाला खात नसे. मेल्यावरही मालकासाठी राबावे लागणारा, इच्छा हरवलेला तो मजूर होता. भीती झोंबीची नव्हती, झोंबी होण्याची होती. सिनेमाने ही भीती उलटी केली. जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'पासून प्रेते माणसांना खाऊ लागली. गंमत म्हणजे त्या चित्रपटात 'झोंबी' हा शब्दच नाही.

भाचीला मी तोच चित्रपट पाहायला लावला. एका शेतघरात सात माणसे अडकली आहेत. बेन हा कृष्णवर्णीय तरुण (ही भूमिका ड्वेन जोन्सची) म्हणतो, वरच राहू, खिडक्यांना फळ्या ठोकू. हॅरी कूपर म्हणतो, तळघरात जाऊन दार लावून घेऊ. आपण अर्थातच बेनच्या बाजूचे असतो. तो शूर आहे आणि कूपर भित्रा, आपमतलबी. बेन बाहेरून जीव वाचवून परततो तेव्हा कूपर त्याला दार उघडत नाही. बेन दार मोडून आत येतो, कूपरला बडवतो आणि पुढे गोळीही घालतो. म्हणजे नायकाने एका जिवंत माणसाला मारले. आणि मग रात्र सरता सरता बेन एकटा उरतो, तो कशामुळे? ज्या तळघराला त्याने इतका विरोध केला त्यात जाऊन लपल्यामुळे. कूपरचे म्हणणे बरोबर होते! सकाळी झोंब्यांना टिपत आलेली माणसांची टोळी खिडकीत दिसलेल्या बेनलाही गोळी घालते. त्याने चूक केली आहे, त्याच्या हातून हत्या झाली आहे, तरी आपले मन त्याच्यावरून हलत नाही. रिचर्ड मॅथेसनच्या 'आय ॲम लेजंड' (१९५४) या कादंबरीतून रोमेरोला सुचले होते. तिचा नायक रॉबर्ट नेव्हिल दिवसा रक्तपिपासूंना शोधून मारतो. शेवटी त्याला कळते, की त्यांच्यातल्या ज्यांनी नवा समाज उभारला आहे त्यांच्या लेखी रात्रीचा राक्षस तोच आहे.

हे सगळे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे प्रेताशी गाठ पडलेला सर्वांत जुना नायक विक्रम राजा. 'वेताळपंचविशी' १८३०च्या सुमारास सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी मराठीत आणली आणि पिढ्यान् पिढ्या मुलांची गोष्ट म्हणून ती वाचली गेली. ती मुलांची वाटत असली तरी तिची रचना क्रूर आहे. राजाने एका योग्याला शब्द दिला आहे. स्मशानातले प्रेत खांद्यावरून आणायचे, वाटेत बोलायचे नाही. प्रेतात वेताळ. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी न्याय विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोके फुटेल, आणि बोललास तर प्रेत पुन्हा झाडावर. राजा दर वेळी बोलतो आणि दर वेळी माघारी जातो. अखेर एका प्रश्नाचे उत्तर त्याला खरोखरच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो. तेव्हा वेताळच त्याला सावध करतो, की तो योगी तुझाच बळी देणार आहे. कोकणात वेताळ गावाची राखण करतो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. उठलेले प्रेत म्हणजे शत्रूच, असे आपल्या परंपरेने मानलेले नाही. बॅटवाल्या नायकाला ही वाट बंद असते, कारण तो समोरच्याचे ऐकूनच घेत नाही.

मात्र साथ, बंद दारे आणि माणसाची भीती यांसाठी आपल्याला गोष्टीकडे जायची गरज नाही. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले. रुग्णांना बळाने रुग्णालयात नेऊ लागले तशी अफवा उठली, की आत माणसे मारून त्यांची मोमियाई काढतात. ऑक्टोबरअखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. झोंबीपटात असा दारावर धडकणारा जमाव म्हणजे राक्षस. इथे तो आतल्या आपल्या माणसासाठी घाबरलेला होता. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरले, संशयितांना छावणीत नेऊ लागले. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. शाळेत हा भाग मी तीसेक वर्षे शिकवला आणि दर वर्षी चापेकरांपाशी तास संपवला. रुग्णाला वेगळे ठेवणे ही कल्पना चुकीची होती की ती अमलात आणण्याची रीत, हा प्रश्न मी मुलांना कधी विचारला नाही. तो परीक्षेला नव्हता, हे एक कारण.

त्याच साथीत पुण्याबाहेर एक दार उघडे होते. सावित्रीबाई फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत लष्करातून रजा घेऊन आले आणि ससाणे यांच्या माळावर त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रुग्ण आणून पोचवत. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला. मुलगा जगला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत आणि या पाठीवरचा मुलगा ही दोन चित्रे आता माझ्या मनात वेगळी होत नाहीत. पण भाचीला मी सांगितले, नायक शोधायचा तर सावित्रीबाईंकडे नको, यशवंतांकडे बघ. सावित्रीबाई डगमगत नाहीत. यशवंत डॉक्टर आहेत, ही लागण कशी पसरते हे त्यांना आईपेक्षा जास्त कळते आणि आई रोज नवा रुग्ण घेऊन दारात उभी राहते.

मराठी भयकथेने हा दुवा फारसा धरला नाही. नारायण धारपांचे समर्थ सर्वज्ञ. त्यांच्या मनात कधी शंका येत नाही, भीती वाटून घेण्याचे काम अप्पा जोशींकडे असते. मला कायम अप्पाच अधिक जवळचे वाटले. मग २६ जानेवारी २०२२ रोजी आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला. नावातला श्लेष मजेशीर, पण चित्रपटाचे मर्म इमारत आणि शेजारची वस्ती यांच्यामधल्या भिंतीत आहे. अमेय वाघने केलेला सुधीर हा इंजिनीअर, गरोदर बायकोला घेऊन डोंबिवलीतल्या नव्या टॉवरमध्ये आलेला. ललित प्रभाकरचा विश्वास हा वस्तीतला कार्यकर्ता. साथीचे मूळ पाण्यात आहे. पुढे मारामारी वाढते तसे हे दुखणे थोडे बाजूला पडते, असे माझे मत. पण सुधीर वाईट नाही, त्याला फक्त भिंतीच्या आत राहायचे आहे, ही ओळख मराठी प्रेक्षकाला फार नेमकी पटली असावी.

आमच्या शहरात तर भिंतीच भिंती. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, सेक्टर आखले गेले आणि गावे गावठाण होऊन मध्येच उरली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४मध्ये जासई-नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. भाचीचा नायक ज्या सोसायटीच्या गच्चीवरून खालच्या झोंब्यांना टिपतो, त्या जमिनीवर कोणाची तरी भातशेती होती. कादंबरीत याचा उल्लेख कुठेही नव्हता. माझ्या बोलण्यातही तोवर कधी आला नव्हता.

आणि आता जे भाचीला सांगायचे होते ते. एप्रिल २०२०मध्ये आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या एका नर्सविषयी व्हॉट्सॲपवर चर्चा झाली. तिने लिफ्ट वापरू नये, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने, तिने काही दिवस रुग्णालयातच राहावे, असे. एकेक अंगठा उमटत गेला. माझी पत्नी तेव्हा दम्याने हैराण होती. साथीच्या काळातले बहिष्कार मी वर्गात शिकवलेले होते, उत्तर मला माहीत होते. मी अंगठा दाखवला नाही, विरोधही केला नाही. फोन उलटा ठेवला आणि चहा टाकला. तीन दिवसांनी सकाळी ती दोन बॅगा घेऊन गेटमधून बाहेर पडली. वॉचमनने तिला रिक्षा मिळवून दिली. पुढे वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात कोविड रुग्णालय उभे राहिले, तेव्हा ती तिथे काम करते असे कोणीतरी म्हणाले. मी खात्री करून घेतली नाही.

हे ऐकून भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "मामीला दमा नसता तर बोलला असतास?"

गणपतीत तिने नवे प्रकरण वाचायला दिले. बॅट गेली आहे. नायक आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे, वय पंचेचाळीस, गेटची किल्ली त्याच्या खिशात. बाहेर गावठाणातली, त्याच्याकडे धुणीभांडी करणारी बाई उभी आहे, हाताला चावा घेतल्यासारखी खूण, कदाचित कुत्र्याची. ती ओरडत नाही, त्याच्या मुलीचे नाव घेऊन तिने डबा खाल्ला का ते विचारते. प्रकरण इथेच थांबते. पुढचे लिहून झाले नाही, असे भाची म्हणते.