उपाशी बालकाचा पहिला घांस

भुकेल्यास पोटभर अन्न द्यावें, हा दयेचा जुना नियम होय. परंतु रुग्णालयांत आणलेल्या अतिकृश बालकाच्या बाबतींत हीच दया कित्येकदा घातक ठरली. आणि त्याचें कारण वैद्यकास उमगून त्यावरून नियम घडण्यास विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला.

जमेकांत जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स या बाई १९२९ सालीं गोल्ड कोस्टमध्यें, म्हणजे आजच्या घानांत, सरकारी नोकरीवर आल्या. अंगावर सूज, केंसांना तांबूस छटा, कातडी सोलवटलेली, अशीं लहान मुलें त्यांच्यापुढें येत. तेथील गा भाषेंत या दुखण्यास 'क्वाशिओर्कर' म्हणत; पाठचें भावंड जन्मल्यावर थोरल्यास जडणारा विकार, असा त्याचा अर्थ. आईचें दूध तुटे आणि मुलाच्या वांट्यास मक्याची पेज येई. हा विकार निकृष्ट आहाराचा आहे, असें विल्यम्सबाईंनीं १९३३ सालीं मांडिलें व १९३५ सालीं त्याचें लोकांतलें नांवच वैद्यकास दिलें. कांहीं तज्ज्ञांनीं मात्र तो पेलाग्राच असल्याचा आग्रह धरिला.

रोगाचें कारण हातीं आलें, तरी खाऊं कसें घालावें हा प्रश्न उरलाच. १५ एप्रिल १९४५ रोजीं बेल्सेनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हां सैनिकांनीं कळवळ्यानें दिलेलें जड, स्निग्ध अन्न खाऊन अनेक बंदी दगावले. पुढें बंगालच्या दुष्काळांतील अनुभवावरून ठरविलेलें दुधाची भुकटी, पीठ व साखर यांचें मिश्रण तेथें देण्यांत आलें. तें अति गोड म्हणून पुष्कळांनीं नाकारिलें.

विझत आलेल्या चुलींत एकदम मोठें लांकूड घातलें, तर उरलेला निखाराही दबतो. उपासमारींत शरीराचे सर्वच व्यवहार मंदावतात. अशा वेळीं अन्नाचा भार एकाएकीं पडला, कीं इन्सुलिन स्रवतें. त्याच्या जोरानें रक्तांतील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत शिरतात, रक्तांत त्यांची तूट पडते आणि दुबळें हृदय अडखळतें.

१९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत असें दिसून आलें, कीं रुग्णालयांतील तीव्र कुपोषित मुलांचें मृत्युप्रमाण १९५० नंतरच्या दशकांत शेंकडा २० ते ३० वरून फारसें हललेंच नव्हतें. औषधें सुधारलीं होतीं. भरविण्याची रीत सुधारली नव्हती. १९९९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ती रीत पुस्तकरूपानें सांगितली. प्रथम 'एफ-७५' हें दूध: १०० मिलिलिटरमध्यें ७५ कॅलरी व प्रथिनें एक ग्रॅमहूनही कमी. दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां. चार किलो वजनाच्या बालकास एका खेपेस सुमारें ४५ मिलिलिटर. बाटली नको, वाटी-चमचा हवा. मूल मांडीवर बसतें धरावें, नाहींतर दूध श्वासनलिकेंत जाण्याचें भय. नेमलेल्या दुधापैकीं शेंकडा ८० भागही पोटांत न गेल्यास नाकांतून नळी घालावी. बळजबरी करूं नये. लोहाचें औषधही आरंभीं वर्ज्य. भूक परतली व सूज ओसरूं लागली, म्हणजे मग 'एफ-१००' हें अधिक सकस दूध हळूहळू वाढवावयाचें.

महाराष्ट्रांतील पोषण पुनर्वसन केंद्रांतही हीच शिस्त पाळावयाची असते. तेथें आलेल्या आईस ४५ मिलिलिटर दूध म्हणजे कंजूषपणा वाटतो. म्हणून परिचारिकेचें पहिलें काम त्या माउलीची समजूत घालण्याचें, आणि दुसरें रात्रीं दोन वाजतां न चुकतां तिला जागें करण्याचें.