सॅकाड (शब्दव्युत्पत्ती)
नजर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर नेताना दोन्ही डोळ्यांची एकदम होणारी अतिजलद हालचाल. ही संज्ञा मूळची फ्रेंच असून ‘ओढणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून बनली आहे. घोडेस्वाराने लगामाला दिलेला हिसका हा तिचा एक रूढ अर्थ असून, अचानक सुरू होऊन लगेच संपणाऱ्या या हालचालीला तो चपखल बसतो. पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल झाव्हाल (१८३९–१९०७) यांच्या वाचनक्रियेवरील १८७८-७९ च्या लेखमालेमुळे ती नेत्रविज्ञानाशी जोडली गेली. वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, तर काही अक्षरे ओलांडून साधारण पाव सेकंद थांबतो व पुन्हा पुढे झेपावतो; मजकूर टिपला जातो तो या थांब्यांत. याचे श्रेय एकट्या झाव्हाल यांना देण्याची प्रथा मात्र न्याय्य नाही, कारण जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक एवाल्ट हेरिंग यांनीही १८७९ मध्ये, पापणीवर टेकवलेल्या रबरी नळ्यांतून नेत्रस्नायूंचे आवाज ऐकून, अशाच तुटक हालचालींची नोंद केली होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी १९०३ मध्ये नेत्रहालचालींचे पाच प्रकार पाडले, तेव्हा हिला केवळ ‘पहिला प्रकार’ म्हटले. फ्रेंच शब्द इंग्रजीत त्यानंतर रुळला.