मत बदलणं आणि पलटी मारणं

आज एका छोट्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. डॉ. आंबेडकरांचं भाषिक राज्यांविषयीचं हे पुस्तक १९५५ च्या डिसेंबरातलं आहे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल त्याच वर्षी सप्टेंबरअखेर आला होता, महाराष्ट्र तापला होता, आणि अशा वेळी बाबासाहेबांनी स्वतःचंच जुनं मत बदललं.

जुनं मत काय होतं? १९४८ मध्ये त्यांनी दार आयोगाला निवेदन दिलं. महाराष्ट्र हा भाषिक प्रांत व्हावा आणि मुंबई त्याच प्रांतात असावी, असं त्यात ठामपणे मांडलं होतं. मुंबईवरच्या इतरांच्या दाव्यांचा त्यांनी एकेक करून समाचार घेतला होता. आणि सात वर्षांनंतर तेच म्हणतात, मराठी मुलखाची चार राज्यं करा: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रस्त्यावर घुमत असताना हे लिहायचं, म्हणजे टाळ्या मिळण्याची शक्यता शून्य!

मग याला पलटी म्हणायचं का? तर्कशास्त्राचा विद्यार्थी आधी एक गोष्ट विचारतो: बदललं काय, गृहीतक की निष्कर्ष? बघा, एका राज्यात एक भाषा असली तर लोकशाही नीट चालते, हे त्यांचं म्हणणं १९४८ लाही होतं, १९५५ लाही होतं. राज्याची राजभाषा केंद्राचीच असावी, नाहीतर देश फुटेल, ही काळजीही कायम होती. पण एका राज्याची भाषा एक असणं वेगळं, आणि एका भाषेचं राज्य एकच असणं वेगळं. पहिल्यातून दुसरं निघत नाही. हा फरक त्यांनी १९५५ मध्ये फार स्वच्छ करून दाखवला.

आता वस्तुस्थितीत काय बदललं ते पाहू. १९४८ मध्ये प्रश्न सुटासुटा समोर होता. १९५५ मध्ये आयोगाने अख्ख्या देशाचा नकाशाच पुढे ठेवला. त्यात उत्तर प्रदेश, सहा कोटींहून जास्त लोकांचा, तसाच अखंड ठेवलेला. आयोगाचे सदस्य पणिक्कर यांनी याच मुद्द्यावर आपली भिन्नमतपत्रिका जोडली होती. उत्तरेत अवाढव्य राज्यं आणि दक्षिणेत लहान, मग संघराज्याचा तोल राहणार कसा? म्हणून बाबासाहेबांनी उत्तर प्रदेशाचे तीन, बिहारचे दोन, मध्य प्रदेशाचे दोन भाग सुचवले. जो नियम उत्तरेला, तोच आपल्या महाराष्ट्राला. दुसरी चिंता मोठ्या राज्यातल्या अल्पसंख्याकांची आणि मागास भागांची. निजामाच्या राजवटीतून आलेल्या मराठवाड्याकडे लक्ष कोण देणार, हा प्रश्न त्यांनी स्पष्ट विचारला.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी काहीही लपवलं नाही. आपलं आजचं म्हणणं पूर्वीपेक्षा वेगळं आहे हे वाचकाला आधीच सांगितलं, आणि सुसंगतीपेक्षा जबाबदारी मोठी, मात्र मत बदलायला पुरेसं कारण हवं, अशी अटही घातली. ही अट महत्त्वाची आहे. ती काढून टाकली की उरतो तो नुसता संधिसाधूपणा.

याच्या शेजारी नेहरूंचं उदाहरण ठेवा. काँग्रेसने १९२० मध्ये नागपूरला भाषावार प्रांतरचना स्वीकारली होती. फाळणीनंतर नेहरू, पटेल, पट्टाभि यांच्या समितीने १९४९ मध्ये हा प्रश्न पुढे ढकलावा असं सांगितलं. देश नुकताच फुटला होता, त्यामुळे कारण खरं होतं. पण १५ डिसेंबर १९५२ ला पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले, आंध्र पेटला, आणि चारच दिवसांत आंध्र राज्याची घोषणा झाली. लोकांचा कौल हीसुद्धा वस्तुस्थितीच, हे मी मान्य करतो. पण ती दिसायला एका माणसाचा जीव जावा लागला, ही त्या उशिराची किंमत. मत वेळेवर बदललं तर तो विचार असतो, उशिरा बदललं तर ती माघार ठरते.

कोणी म्हणेल, आंबेडकरांची चार राज्यं झाली कुठे? नाही झाली. त्यांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीत भाग घेतला आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पण २००० मध्ये उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश तिन्ही विभागले गेले, आणि २०१४ मध्ये तेलुगूची दोन राज्यं झाली. अर्थात, मत बरोबर ठरलं की नाही हा मुद्दा दुय्यम आहे. ते ज्या रीतीने बदललं, ती रीत शिकण्यासारखी आहे.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या नेत्याची दहा वर्षांपूर्वीची चित्रफीत तुमच्या फोनवर आली, तर हसण्याआधी तीन प्रश्न विचारा. जुनं मत तो कबूल करतो का? कुठली वस्तुस्थिती बदलली ते सांगतो का? आणि या बदलातून त्याला खुर्ची मिळते आहे, की त्याचं काही जातं आहे? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर त्याला ‘पलटूराम’ म्हणू नका. आपण प्रत्येक बदलाची टिंगल केली, तर नेते एवढंच शिकतील की चूक कळली तरी ती धरून बसण्यातच शहाणपण आहे. आणि त्याची किंमत आपणच मोजणार आहोत.