आधी उपटणे, मग लावणे : जोधपूरच्या एका खडकाळ माळाचा इतिहास

निसर्गसंवर्धनाचे काम करणारी संस्था वर्धापनदिनी आपली दारे सर्वांसाठी उघडते, तेव्हा पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : आजवर झाडे किती लावलीत? जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्याला लागून असलेल्या ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’मध्ये हा प्रश्न विचारला, तर उत्तराचा आरंभ झाडे लावण्यापासून करता येत नाही. तो झाडे उपटण्यापासून करावा लागतो. २००६ मध्ये सुरू झालेल्या या कामाचा इतिहास म्हणूनच विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मुळापासून वाचावा असा आहे.

राव जोधाने १४५९ मध्ये ज्या टेकडीवर किल्ल्याचा पाया घातला, तिच्या भोवतीचा खडक ज्वालामुखीजन्य आहे. त्याला ऱ्हायोलाइट म्हणतात आणि त्याचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे मानले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने येथील शिलास्तरांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान दिला आहे. खडकावर माती जवळजवळ नाही आणि वर्षाचा पाऊस सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. तरीही अशा जागेला उजाड म्हणणे चुकीचे ठरते. मारवाडच्या खडकाळ टेकड्यांवर थोर, कुमट, केर, गुंदी ही झाडेझुडपे आणि पावसाबरोबर उगवून पावसाबरोबरच मिटणारी कितीतरी तृणे युगानुयुगे नांदत आली आहेत. केराची फळे आणि कुमटाच्या बिया तर तिथल्या स्वयंपाकघरातही पोहोचलेल्या आहेत.

या सृष्टीला पाहुण्या झाडाने झाकून टाकले. मध्य व दक्षिण अमेरिकेकडचे प्रोसोपिस ज्यूलिफ्लोरा हे झाड १८७० च्या दशकात मद्रास प्रांतातील कडप्पा भागात आणले गेले. देशभर पसरताना त्याला मिळालेली नावेच त्याचा इतिहास सांगतात. हिंदीत ते विलायती बबूल, तमिळमध्ये सीमै करुवेलम, म्हणजे परदेशी बाभूळ. गुजरातीत गांडो बावळ, मारवाडात बावळिया आणि मराठीत वेडी बाभूळ. एकमेकांना न विचारता तीन भाषांनी त्याला वेडे ठरवले, हा लोकनिरीक्षणाचाच पुरावा म्हणायला हवा.

मारवाडात मात्र त्याचे स्वागत थाटात झाले. विमानोड्डाणाची आवड असलेल्या महाराजा उमेदसिंहांच्या काळात या झाडाचे बी विमानातून उधळले गेले, असे सांगतात. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने त्याला ‘शाही झाडा’चा दर्जा देऊन त्याच्या रक्षणाचे आवाहन केले. आज हे वाचून हसू येईल. पण हसण्यापूर्वी तो काळ आठवावा. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ मारवाडच्या स्मृतीत ताजा होता. सरकती वाळू, सरपणाची टंचाई, उपाशी गुरे या खऱ्या चिंता होत्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये जोधपुरातच मरुभूमी-वनीकरण केंद्र निघाले. त्यातूनच १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था उभी राहिली. वाळवंट म्हणजे बिघडलेली जमीन, आणि हिरवे म्हणजे सुधारलेले, हे त्या पिढीचे गृहीतक होते.

त्या गृहीतकाची किंमत हळूहळू कळली. वेड्या बाभळीची मुळे खडकाच्या फटींतून खोल जातात. तिच्या गोड शेंगा शेळ्या-गुरे आवडीने खातात आणि अभंग राहिलेले बी लेंड्या-शेणातून नव्या जागी पोहोचते. तिच्या छायेत इतर वनस्पतींना सहसा थारा मिळत नाही. वरून छाटले, तर जमिनीखालच्या कोंबांतून ती अधिक जोमाने फुटते.

मेहरानगढ म्युझियम ट्रस्टने सुमारे ७० हेक्टर खडकाळ जागेचे मूळ रूप परत आणण्याचे काम प्रदीप कृष्ण यांच्याकडे सोपवले, तेव्हा पुढे उभी होती ती हीच बाभूळ. प्रदीप कृष्ण हे पूर्वीचे चित्रपट-दिग्दर्शक. वनस्पतींचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या बळावर केलेला. झाड कायमचे मारायचे, तर कोंब फुटणारा मुळाचा भाग सुमारे दीड फूट खोलीपर्यंत खडकातून काढणे भाग होते. नुसती तोड येथे कुचकामी होती. वाट दाखवली ती खांडवालिया या दगडखाणीतल्या पारंपरिक कामगारांनी. ते हातोड्याने खडकावर ठोका मारत, उठणारा नाद कान देऊन ऐकत आणि खडक कुठे फुटेल ते ओळखत. मग छिन्नी-हातोड्याने एकेक खड्डा खणून मूळ बाहेर काढत. कोणत्याही प्रयोगशाळेच्या उपकरणयादीत नसलेले हे ज्ञान या कामाचा कणा ठरले.

मूळ निघाल्यावर उरलेला खड्डा वाया गेला नाही. त्यातच देशी रोप लावले गेले. मात्र कोणते रोप, हे सोयीने ठरवले नाही. मारवाडातल्या इतर खडकाळ टेकड्या पायी फिरून, तिथे आपोआप काय उगवते ते टिपून, बिया जमवून रोपवाटिका उभारली गेली. २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. येथे घनदाट अरण्य दिसत नाही, आणि तसे ते दिसूही नये. उन्हाळ्यात हा माळ करडा असतो, पावसाळ्यात काही आठवडे हिरवा होतो. तेच त्याचे निरोगी रूप आहे.

हा धडा एका टेकडीपुरता नाही. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६१ पासून रणाचा खारटपणा रोखण्यासाठी हेच झाड पसरवले गेले. गवत आक्रसले आणि मालधारी पशुपालकांची चराई अडचणीत आली. पुढे त्याच झाडाच्या कोळशावर अनेकांची चूल पेटू लागली. त्यामुळे ‘उपटून टाका’ हा आदेशही सरसकट देता येत नाही. ज्याचे सरपण जाईल, त्याला पर्याय देणे हाही पुनरुज्जीवनाचाच भाग आहे.

२०१९ मध्ये दिल्लीजवळ झालेल्या वाळवंटीकरणविरोधी परिषदेच्या वेळी भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर निकृष्ट जमीन सुधारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. संकल्प मोठा आहे आणि आवश्यकही आहे. पण हेक्टर आणि रोपे मोजताना ती जमीन मुळात कोणाची होती, जंगलाची, गवताची की खडकाची, हा प्रश्न निसटला, तर १९४० ची चूक आपण अधिक मोठ्या प्रमाणावर करू. त्या वेळीही हेतू चांगलाच होता.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, अशा एखाद्या संस्थेच्या वर्धापनदिनी गेलात, तर रोपांचा आकडा अवश्य विचारा. पण त्याआधी तीन प्रश्न विचारा : येथे पूर्वी काय होते, हे तुम्ही कसे शोधले? काय काढावे लागले? आणि ते काढण्याची विद्या कोणाकडून शिकलात? जोधपुरात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हातोडा घेतलेल्या एका खाणकामगाराकडे बोट दाखवते.