खुराक आणि डबा

कोल्हापूरकडे एखाद्या जुन्या तालमीच्या कट्ट्यावर जिमचा विषय काढून पाहा. निकाल तयार असतो : “पावडरीवर फुगवलेलं शरीर ते, हवा गेली की बसलं.” पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत हाच निकाल डॉक्टरी भाषेत ऐकू येतो : पावडरीने किडन्या जातात. तालमीवर माझे प्रेम आहे. तिच्या नावावर हे मत खपवले जाते, म्हणून गप्प बसवत नाही.

पूर्वपक्ष आधी पुरता मांडतो. जुन्या पैलवानांनी दूध, तूप, बदाम आणि थंडाईवर शरीरे कमावली. पावडरीचा डबा ही बाजाराने लावलेली चटक. त्यात भेसळ असते, त्याने मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि ज्याच्या अंगात जिद्द आहे त्याला त्याची गरजच नसते. या पक्षाकडे वजनदार साक्षीदारही आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत, स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असा स्पष्ट सल्ला दिला. हा साक्षीदार हसण्यावारी नेता येणार नाही.

आता उत्तरपक्ष. डब्यातले व्हे म्हणजे काय? दूध नासवून पनीर काढल्यावर उरणारे पिवळसर पाणी. काटकसरी गृहिणी त्यात कणीक भिजवते. त्यातले पाणी, साखर आणि स्निग्धांश काढून उरलेले वाळवले की डबा भरला. दुधातल्या प्रथिनांचा साधारण पाचवा हिस्सा तो हाच. दूध अमृत आणि त्याचीच निवळी विष, हे कोणत्या तर्काने? दुसऱ्या डब्यातले क्रिएटिन तर आपले शरीर स्वतःच रोज सुमारे एक ग्रॅम बनवते. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने 1832 मध्ये ते मांसातून वेगळे काढले. मटण-मासे खाणाऱ्याच्या ताटात ते असते, शाकाहाऱ्याच्या ताटात जवळजवळ नसते. परके म्हणायचे ते नेमके कशाला?

आणि थंडाई तरी काय होती? बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून दुधातून, मेहनतीनंतर, ठरल्या वेळी घ्यायचे पेय. घरच्या ताटात जे पुरत नाही ते वरून भरून काढणारे. तालमीने जेवण आणि खुराक हे दोन शब्द वेगळे ठेवले ते उगाच नव्हे. हा वरचा खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपत नसे, म्हणून तर राजाश्रय लागे. शाहू महाराजांनी पैलवानांना नुसते खासबागेचे मैदान दिले नाही, त्यांना पोसले. पूरक आहाराची परंपरा या मातीतलीच आहे. डबा तिचा धाकटा, जरा शहरी भाऊ.

थोडा हिशेब करू. शंभर ग्रॅम बदामांत एकवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, पण त्यांच्यासोबत पन्नास ग्रॅमच्या आसपास चरबीही येते. पावडरीच्या एका चमच्याइतकी, म्हणजे चोवीस ग्रॅम, प्रथिने बदामांतून हवी असतील तर साडेसहाशेहून अधिक कॅलरी पोटात जातात. पावडरीतून सव्वाशेच्या आत. पहाटेपासून हजारभर जोर-बैठका मारून वर लढत करणाऱ्याला त्या कॅलरी हव्याच होत्या. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी पाऊण तास वजने उचलणाऱ्याने तोच खुराक लावला तर छातीआधी पोट येईल. तालमीचा खुराक तालमीच्या मेहनतीसाठी होता. मेहनत सोडून खुराक तेवढा उचलायचा, याला परंपरा म्हणावे का?

राष्ट्रीय पोषण संस्थेचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे : अन्नातून भागते. बैठे काम करणाऱ्याला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. वजने उचलणाऱ्याच्या बाबतीत, 2018 मध्ये 49 अभ्यास एकत्र करून केलेल्या परीक्षणात, किलोमागे 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा दिसला. सत्तर किलोच्या माणसाला हे 112 ग्रॅम झाले. दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, थोडा भात आणि दही यांतून ढोबळमानाने वीस-बावीस ग्रॅम मिळतात. दोन जेवणे आणि सकाळचे पोहे धरले तरी निम्मे अंतर उरते. अर्धा लिटर दूध, चार अंडी, दोन मुठी फुटाणे, वाटीभर जादा उसळ असे केले तर ते भरते. ज्याला हे जमते त्याने डब्याकडे पाहूही नये. पण अंडी न खाणाऱ्या, सकाळी सातची लोकल पकडणाऱ्या माणसाने एक चमचा पाण्यात ढवळून घेतला तर त्याने पाप केले काय? अनावश्यक आणि घातक हे दोन वेगळे शब्द आहेत. पूर्वपक्ष पहिला सिद्ध करतो आणि निकाल दुसऱ्याचा मागतो.

किडनीचा मुद्दा लवकर संपतो. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुखावले आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही घेऊ नये, इथे पूर्वपक्ष बरोबर. निरोगी माणसांवरील चाचण्यांत जास्त प्रथिनांनी मूत्रपिंडाचे काम बिघडल्याचे दिसलेले नाही. क्रिएटिन घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन किंचित चढते, कारण ते क्रिएटिनचेच अवशेष. अहवाल पाहून घरात रडारड होण्याआधी डॉक्टरांना डबा दाखवावा.

भेसळीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि पूर्वपक्ष मांडतो त्याहून गंभीर आहे. 2024 मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या 36 पावडरी तपासल्या गेल्या. जवळजवळ 70 टक्क्यांत लिहिलेली आणि असलेली प्रथिने जुळेनात, काहींत तर निम्मीच निघाली. काहींत बुरशीचे विषही सापडले. पण यावरून काय ठरते? दुधात पाणी घालतात म्हणून दूध वाईट ठरले नाही, गवळी बदलला. बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासलेला, घटक स्पष्ट लिहिलेला माल घ्यावा. ‘गुप्त मिश्रण’ लिहिले असेल तर डबा परत ठेवावा.

शिवाय, सरसकट “पावडर” म्हणण्याचा एक तोटा कट्ट्यावरच्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात पोलिसांनी मेफेन्टरमाइनची इंजेक्शने बेकायदा विकणाऱ्यांना पकडले आहे. शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब चढवण्याचे हे औषध पोरे व्यायामाआधी टोचून घेतात. ज्या घरात व्हेच्या डब्यावरून आणि सुईवरून एकाच सुरात ओरडा होतो, तिथल्या पोराला दोन्ही सारखेच वाटू लागतात. हा गोंधळ कोणी घातला?

उरली जिद्द. पूर्वपक्षाला हा आपला हुकमी डाव वाटतो, आणि इथेच तो चितपट होतो. वर सांगितलेल्या परीक्षणातला आणखी एक आकडा पाहा : व्यायामाने कमावलेले चरबीविरहित वजन सरासरी 1.1 किलो, त्यात जादा प्रथिनांची भर 0.3 किलो. डब्याचा वाटा एवढाच. दुधाचाही एवढाच असणार. बाकीचे मेहनतीचे. मग ती मेहनत तालमीत टिकायची कशी? तालमीतले पोर रोज पहाटे स्फुरण चढून उठत नव्हते. ते तालमीतच झोपत असे, वस्ताद हाक मारी, जोडीदार हौद्यात उतरून माती उकरत असे. न येणे सगळ्यांना दिसे. जिममध्ये वर्षाची फी जानेवारीत भरतात आणि संक्रांतीनंतर कोण आले नाही याची कोणी दखल घेत नाही. लंडनमधल्या संशोधकांच्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस लागल्याचे दिसले, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नव्हते. इतके दिवस नुसत्या उत्साहावर कोण काढील? पैलवानाला तरी कोणी काढायला लावले होते?

वाचकांपुढे एक साक्ष माझीही. माझ्या घराखाली पहाटे साडेपाचला एका मित्राची स्कूटर थांबते आणि दोनदा हॉर्न वाजतो. गेल्या वर्षी महिनाभर माझे क्रिएटिन संपले होते, तरी जिमचा एकही दिवस चुकला नाही. पुढे गणपतीत तो पंधरा दिवस गावी गेला. डबा भरलेला होता. मी एकदाही गेलो नाही.