बंद दार आणि शिक्षकाचा हात

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमला भागवत १९३३ साली अव्वल ठरल्या. इंदूर हे त्यांचे जन्मगाव; लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. त्याच संस्थेत संशोधन करावे, अशी कमलाबाईंची इच्छा असणे स्वाभाविक होते. संचालकपदी होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. उणीव गुणांत नव्हती. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण.

कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. काम समाधानकारक ठरल्याखेरीज पहिले वर्ष ग्राह्य धरले जाणार नव्हते आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, असेही बजावण्यात आले. हा अपमान त्यांनी जन्मभर विसरला नाही. मात्र त्याच संस्थेत त्यांना श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. ते शिस्तीचे कठोर, परंतु पात्र विद्यार्थ्याला ज्ञान देण्यास सदैव उत्सुक होते. विद्यार्थिनी म्हणून त्यांनी सवलत दिली नाही, तसेच कमी अपेक्षाही ठेवली नाही. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध व डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेत विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला.

कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या श्वसनक्रियेतील ‘सायटोक्रोम सी’ या घटकावरील संशोधनासाठी १९३९ साली त्यांना तेथे डॉक्टरेट मिळाली.

दरम्यान बंगळूरमध्येही पालट घडला होता. १९४० साली अ‍ॅना मणी ही तरुणी संशोधक म्हणून रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाली. हिरे व माणके यांच्या वर्णपटांची छायाचित्रे घेण्यासाठी पंधरा ते वीस तास प्रकाशपट्टिका उघडी ठेवावी लागे. त्यासाठी तिने कित्येक रात्री प्रयोगशाळेत काढल्या. एका विद्यार्थिनीला नाकारणारा शिक्षक दुसरीचा मार्गदर्शक झाला, ही पहिलीच्या चिकाटीची खरी फलश्रुती होय. तरीही सर्व अडथळे दूर झाले नव्हते. पाच शोधनिबंध प्रसिद्ध होऊनही, एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने मणींना डॉक्टरेट दिली नाही. पुढे भारतीय हवामान खात्यात राहून त्यांनी देशी हवामान-उपकरणांची घडी बसविली.

मद्रासजवळील गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयाची हकीकत याच काळातील. अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, कडेवर तान्ही मुलगी असलेल्या ए. ललिता यांना विद्युत अभियांत्रिकी शिकावयाची होती. वडील सुब्बा राव तेथेच प्राध्यापक होते. त्यांच्या विनंतीला प्राचार्य के. सी. चाको यांनी पाठिंबा दिला. लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया याही स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. पदवी-प्रमाणपत्रावर पुरुषवाचक सर्वनाम छापलेले होते. ते खोडून स्त्रीवाचक लिहावे लागले. छापखान्याने ज्यांची कल्पनाही केली नव्हती, त्यांना वर्गात जागा करून दिली ती शिक्षकांनी. थ्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अभियंता झाल्या.

कमलाबाई सोहोनी १९४९ पासून मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. विद्यार्थ्यांसह त्यांनी नीरा व डाळी यांसारख्या सामान्यांच्या आहारातील पदार्थांचे पोषणमूल्य तपासले. कालांतराने त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. जिला संचालकाने एकदा दाराशी अडविले, तिच्याच हाती एका विज्ञान संस्थेची सूत्रे आली.

या इतिहासात शिक्षक दोन्ही बाजूंना उभा दिसतो. अडविणाराही तोच आणि वाट देणाराही तोच. श्रीनिवासय्या वा चाको यांनी मुलींसाठी वेगळे गणित शोधले नाही, की सोपे विज्ञान रचले नाही. जे मुलांना, तेच त्यांनी मुलींना दिले आणि तितक्याच उत्तम कामाची अपेक्षा ठेवली. फळ्यावरचे कठीण उदाहरण सोडविण्यासाठी मुलीच्या हाती खडू देणारा प्रत्येक शिक्षक ही परंपरा पुढे नेत असतो.