झारविरुद्ध निघालेली पोरं

अंगावर पांढरं काही असेल तर ओढून घ्या, आणि बोलू नका. वर्ष १९१६, महिना जानेवारी. पायाखाली आहे तो बोथनियाचा गोठलेला समुद्र; मागे फिनलंडमधला वासाचा किनारा, पुढे स्वीडनमधलं उमेओ. मधल्या या चिंचोळ्या पट्ट्याला क्वार्केन म्हणतात. कडाक्याच्या हिवाळ्यात इथे बर्फ इतका जाड होतो की घोडाही स्लेज ओढत पलीकडे जातो. तुम्ही विशीतले आहात, ओस्त्रोबोथनियातल्या एका शेतकऱ्याचे चिरंजीव. घरी सांगून आलाय की जंगलात लाकूडतोडीला चाललो. आईने ते खरं मानलेलं नाही, पण जास्त विचारलंही नाही.

पकडले गेलात तर पेत्रोग्राडचा श्पालेर्नाया तुरुंग. कारण १८०९ पासून फिनलंड रशियाच्या ताब्यात आहे, म्हणजे तुम्ही झारची प्रजा. रशियाचं जर्मनीशी युद्ध जुंपलंय, आणि तुम्ही निघालाय त्याच जर्मनीत बंदूक चालवायला शिकायला. राजद्रोहच हा. पण शिकणार तरी दुसरीकडे कुठे? फिनलंडची स्वतःची फौज झारने शतकाच्या सुरुवातीलाच मोडीत काढली. तुमच्या पिढीला बंदूक माहीत आहे ती शिकारीची. २० नोव्हेंबर १९१४ ला हेलसिंकीत विद्यार्थ्यांची बैठक झाली आणि ठरलं की शिक्षण परदेशात घ्यायचं. स्वीडनने हात झटकले. जर्मनी तयार झाला.

मराठी वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये. शत्रूच्या साम्राज्यात बंड पेटवायचं हे जर्मनीचं तेव्हाचं धोरणच होतं. त्याच वर्षांत बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांची समिती बसली होती, आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर पक्षाच्या कामासाठी इराणात इंग्रजांविरुद्ध झुंजत होते. फिन पोरांचं नशीब एवढंच वेगळं की त्यांना अख्खी पलटण मिळाली.

चला, तुम्ही पोचलात. हाम्बुर्गच्या उत्तरेला, होल्श्टाइनमधली लॉकश्टेटची छावणी. फेब्रुवारी १९१५ मध्ये इथे पहिली तुकडी आली तेव्हा ती जेमतेम दोनशेची होती आणि बाहेर सांगायला तो बालवीरांचा वर्ग होता. सोंग अगदीच हवेतलं नव्हतं, कारण प्रमुख मेजर माक्सिमिलियान बायर हे जर्मनीत बालवीर चळवळ रुजवणाऱ्यांपैकी एक. आता वर्गाची बटालियन होते आहे: रॉयल प्रशियन येगर बटालियन क्रमांक २७. येगर म्हणजे हलकं पायदळ; पुढे तुम्हालाही येगरच म्हणतील. एकूण सुमारे १९०० जण हिच्यात येऊन गेले.

हुकूम जर्मनमध्ये. तुम्हाला जर्मनचं अक्षर येत नाही. शेजारचा हेलसिंकीचा विद्यार्थी कुजबुजत भाषांतर करतो, तोवर बाकीची रांग वळलेली असते. या रांगेत वकिलाचा मुलगा आहे, सुतार आहे, खलाशी आहे, कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचा पोर आहे. गावी हे एका टेबलाशी जेवले नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आघाडीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुम्ही इतिहास घडवला नाही, चिखल तुडवला. जून १९१६ मध्ये रीगाजवळ मिसा नदीची दलदल, मग रीगाच्या आखाताचा किनारा, हिवाळ्यात आ नदी. समोर रशियन, म्हणजे ज्यांच्यासाठी आलात तेच. मग मार्च १९१७ पासून बाल्टिक किनाऱ्यावरच्या लीबाऊ शहरात मुक्काम, आणि नुसती वाट बघणं. जर्मनीत उपासमार आहे. ताटात सलगम, परत सलगम. घरची पत्रं येत नाहीत. कुरकुर करणाऱ्यांना हाम्बुर्गजवळ आल्टोनाच्या मजूर तुकडीत धाडलं जातं. तुमच्यातल्याच हेइक्की नुर्मिओने इथे एक गीत लिहिलं; ते चोरवाटेने फिनलंडला गेलं आणि सिबेलियसने त्याला चाल लावली. जगातला एक मोठा संगीतकार तुमच्यासाठी कूच-संगीत रचतो आणि तुम्ही बराकीत पायाला चिंध्या गुंडाळून बसलेले.

मग एकदम सगळं उलटंपालटं होतं. झार गेला. बोल्शेविक आले. ६ डिसेंबर १९१७ ला फिनलंडने स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि वर्ष संपता संपता लेनिनच्या सरकारने ते मान्यही केलं. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही बर्फ ओलांडला ते काम तुमच्यावाचून झालं! बराकीत आनंद आहे, आणि थोडी पंचाईतही.

जानेवारीच्या अखेरीस बातमी येते: हेलसिंकी समाजवादी कामगारांच्या लाल रक्षकांच्या ताब्यात, सिनेटचे, म्हणजे सरकारचे, काही सदस्य निसटून वासात, तिथून त्यांची, म्हणजे पांढऱ्यांची, फौज उभी राहतेय. रशियन सैनिक देशात अजून आहेत, पण बहुतेकांचं चित्त घरी परतण्यात. बंदुका रोखल्या आहेत त्या फिन लोकांनी फिन लोकांवर.

आता रांगेकडे पुन्हा बघा. सुतार म्हणतो, मी झारशी लढायला आलो होतो, माझ्या भावाशी नाही. भाऊ टाम्पेरेच्या गिरणीत आहे. वकिलाचा मुलगा म्हणतो, लाल म्हणजे रशियाचेच हस्तक. दोघांनाही आपलं म्हणणं स्वच्छ दिसतं. काहीशे जण, कुणी स्वतःहून तर कुणी भरवशाचे नाहीत म्हणून, जर्मनीतच राहिले. विजेत्यांच्या कथेत त्यांना फारशी जागा मिळाली नाही. माझ्या मते या साऱ्या पलटणीत सर्वांत अवघड निर्णय त्यांचा होता.

तुम्ही मात्र जाणाऱ्यांत आहात. १३ फेब्रुवारी १९१८, लीबाऊचं पवित्र त्रैक्याचं चर्च: नव्या ध्वजाखाली फिनलंडच्या सरकारशी निष्ठेची शपथ. २५ तारखेला 'आर्क्टुरुस' आणि 'कास्टोर' ही जहाजं मुख्य तुकडीला घेऊन वासाला लागतात. दुसऱ्या दिवशी चौकात संचलन. पाहणी करायला उभा आहे पांढऱ्यांचा सेनापती मानरहाइम. तीस वर्षं झारच्या सैन्यात काढलेला घोडदळाचा जनरल, फिनिश अडखळत बोलणारा. ज्या सैन्याविरुद्ध तुम्ही जर्मनीत शिकलात, त्याच सैन्यात शिकलेल्या माणसाला आता सलाम करायचा. रांगेतून एखादी कडवट कोटी ऐकू आलीच, तर ती तुम्हीच केलेली असण्याचा संभव बराच आहे.

पुढचा धक्का लगेच बसतो. बटालियन एकसंध लढणार नाही. मानरहाइमने तुम्हाला विखुरलं: कुणी अधिकारी, कुणी हवालदार, आणि समोर सक्तीच्या भरतीतली खेड्यातली पोरं. येगरांना हे रुचलं नाही. मला मात्र तो निर्णय लष्करीदृष्ट्या शहाणपणाचा वाटतो. पांढऱ्यांकडे शिपाई होते, शिकवणारे नव्हते. लालांचंही दुखणं तेच होतं, आणि त्यांच्याकडे तर जर्मनीहून कुणीच आलं नाही.

शिकवायला जेमतेम काही आठवडे. मग २८ मार्च, ईस्टरआधीचा गुरुवार. टाम्पेरेच्या पूर्वेला कालेवानकांगासचं कब्रस्तान. थडग्यांच्या दगडांमागून मशीनगन चालते आहे. तुमच्यामागे दुसऱ्या येगर रेजिमेंटची ती पोरं, बर्फात गुडघाभर रुतलेली. जर्मनीत शिकलेलं सगळं तुम्हाला येतं: कधी लोळायचं, कधी धावायचं. त्यांना तुम्ही धावलात की धावायचं एवढंच कळतं, आणि ती एकेक करून पडतात. या युद्धातल्या सर्वांत रक्तरंजित दिवसांपैकी हा एक. त्याच दिवशी शहरात लालांचा सेनापती हुगो साल्मेला स्वतःच्या मुख्यालयात हातबॉम्ब फुटून मरतो.

समोर कोण आहे? फिनलेसनच्या कापड गिरणीतले कामगार. कुळं. लाल पट्टी बांधून बंदूक धरलेल्या बायका. आणि सुताराचा भाऊ, असला तर. घराघरातून लढत ६ एप्रिलला शहर पडलं. दहा हजारांच्या आसपास लोक कैद झाले आणि मधल्या चौकात गोळा केले गेले. हाती लागलेल्या रशियनांना स्थानकाजवळ गोळ्या घातल्या गेल्या. त्यातल्या सगळ्यांनी शस्त्र हाती धरलं होतं असंही नाही. तुम्ही तिथे असाल तर नजर वळवू नका. येगर म्हणून तुमचं नाव घेतलं जाईल तेव्हा हा चौकही त्यात धरावा लागेल.

एप्रिलमध्येच पांढऱ्यांच्या मदतीला जर्मन सैन्य दक्षिणेला हांकोत उतरलं, हेलसिंकी पडली, मग विबोर्ग. १६ मेला विजयाचं संचलन. तीस लाखांच्या देशात सुमारे ३८ हजार माणसं गेली, आणि त्यातली बारा हजारांहून अधिक लढाई संपल्यावर कैद्यांच्या छावण्यांत, भुकेने आणि रोगाने.

येगरांचं पुढे उत्तम चाललं. नव्या सैन्याचा कणा तेच झाले. १९३९ च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत फौजांना अडवणाऱ्या तालवेला, हाइनरिक्स यांच्यासारख्या सेनानींनी लॉकश्टेटमध्येच धडे गिरवले होते. शेवटचा येगर, जनरल वैनो वाल्वे, १९९५ मध्ये वारला.

वासात येगरांचा पुतळा आहे. फिनलंडला गेलात तर तो बघाच. पण गाडी आधी टाम्पेरेला थांबवा. तिथल्या वाप्रीक्की संग्रहालयात १९१८ चं दालन आहे. ते अगोदर बघा, पुतळा नंतर.